पाचवा दिवा

आधी माफी मागून ठेवते. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर तर असं आहे की बँकेतल्या बाईंनी माझी सही बघून "मावशी, अंगठा दिलात तरी चालेल" असं प्रेमाने सांगितलं होतं. माझी शाळा चौथीपर्यंत. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. वाचणारं कोण असणार, हेही मला नक्की ठाऊक नाही. वैद्य मॅडमनी कॉलेजच्या दिवाळी अंकासाठी "शेवंतामावशी, तुम्ही लिहाच" म्हटलं, तेव्हा मी मानेनेच नाही म्हणाले. चारचौघांत माझं तोंड उघडत नाही. कागदापुढे उघडतं असं दिसतंय. अंकाला देईन की नाही, ते मागाहून बघू.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीची मावशी होते. खोलीच्या दारावर इंग्रजीत लांबलचक नाव आहे, पण सगळे तिला चिप लॅब म्हणत. सकाळी कुलूप काढायचं, फरशी पुसायची, कॉम्प्युटरवरची धूळ कोरड्या फडक्याने टिपायची, कोणी चपला घालून आत शिरलं की त्याला बाहेर काढायचं, आणि संध्याकाळी टेबलाखाली कोणी झोपलेलं नाही ना ते बघून कुलूप लावायचं. खोली बारा महिने थंड ठेवावी लागे. चौलहून मिनिडोर रिक्षात घामाघूम होत यायचं आणि आत पाऊल टाकताच स्वेटर चढवायचा. मे महिन्यात पिशवीत स्वेटर घेऊन निघालेली बाई बघून मिनिडोरवाला विचारायचा, "काय मावशी, आज पण काश्मीर?"

गिऱ्हाईकं एकेक नमुनेदार. एक मुलगा काम सुरू करण्याआधी पडद्याला हात लावून नमस्कार करायचा, आणि उत्तर लाल अक्षरांत आलं की त्याच पडद्याला शिव्या घालायचा. एकाने शेव खात खात अख्खं सत्र काढलं; त्याच्या कीबोर्डात मुंग्यांनी घर केलं होतं. एका मुलीचं अडलं की ती माझ्याकडून झाडू मागून घ्यायची. "झाडता झाडता सुचतं हो मावशी." तिला बरेचदा सुचायचं नाही, पण तिच्या रांगेखालची जमीन लख्ख असायची.

ही मुलं करतात काय, हे मात्र मी बरीच वर्षं विचारलं नाही. पडद्यावर रंगीत पट्ट्या दिसायच्या. निळ्या आडव्या, लाल उभ्या, मध्ये हिरवे चौकोन. मला वाटायचं, साड्यांच्या किनारी काढतात. मनात यायचं, एवढी बुद्धी आणि एवढा एसी खर्च करून काढलेल्या साड्या मिळतात तरी कुठे? विचारायची लाज वाटायची. आज त्याचं वाईट वाटतं. इतकी पोरं माझ्यासमोरून शिकून गेली, आणि मी त्यांना "चपला काढा" सोडून काही बोलले नाही.

पहिल्यांदा विचारलं ते नाझनीनला. ती दिघीची. वडील आगरदांड्याच्या फेरीबोटीवर दोर टाकायचं काम करायचे. पोरगी होस्टेलवर राहायची आणि सुट्टीहून येताना माझ्यासाठी सुका जवळा आणायची. पहिल्यांदा आणला तेव्हा पुडी लॅबमध्येच माझ्या हातात दिली. एसीने तो वास मजलाभर वाटला. मुख्य सर नाक धरून बाहेर आले आणि म्हणाले, "कोणाची वायर जळतेय का बघा." मी आणि नाझनीन एकमेकींकडे बघून इतक्या हसलो, की त्यानंतर मला तिची लाज वाटेना.

एके दिवशी फडकं मारता मारता मी विचारून टाकलं, "बाय, ही किनार कुठल्या साडीची?"

ती आधी हसली. मग खुर्ची ओढून मला शेजारी बसवलं. "मावशी, तुमच्या वाडीत झाडांना पाणी कसं देता?"

आमची स्वतःची वाडी नाही. आम्ही दुसऱ्याच्या वाडीत राबतो. पण पाणी द्यायचं म्हणजे माझ्या हातातलं काम. पाटाने पाणी येतं, जिथे फाटा फुटतो तिथे चार ओंजळी माती टाकली की अडतं, माती ओढून घेतली की पुढच्या सुपारीच्या आळ्यात जातं. तसं सांगितलं.

"बस. माझ्या या पट्ट्या म्हणजे पाट. त्यातून पाण्याऐवजी वीज जाते. आणि जिथे लाल पट्टी हिरव्यावरून जाते ना, तिथे मातीचा बांध. एकापुढे एक दोन बांध असले तर?"

"दोन्ही काढल्याशिवाय पाणी जायचं नाही."

"आणि शेजारी शेजारी दोन पाट, दोघांवर एकेक बांध, पुढे आळं एकच?"

"कुठलाही एक काढला तरी पुरे."

तिने टेबलावर हात आपटला. "झालं! आमचं पहिलं सत्र तुमचं आत्ता संपलं." मग म्हणाली, असे लाखो बांध नखाएवढ्या जागेत बसवायचे. कोणी माणूस ते उघडत नाही; एका बांधातून आलेलं पाणी दुसरा बांध उघडतं, दुसऱ्याचं तिसरा. आणि सगळ्या वाडीत एकच ठोका पडत असतो. ठोका पडला की ज्याच्या त्याच्या आळ्यात जेवढं आहे ते पुढे द्यायचं आणि मागचं घ्यायचं.

त्या दिवशी घरी जाताना मला मिनिडोरमध्ये बसवेना. वाडीतल्या प्रत्येक पाटाकडे बघत राहिले. घरी यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "यवढ्याशा जागंत लाख पाट? मग पाणी शिपणारा उभा ऱ्हातो कुठं?" आमचे हे नारळ उतरवतात. त्यांना प्रत्येक गोष्टीत माणूस कुठे उभा राहतो ते आधी कळायला लागतं.

त्यानंतर मी रोज काहीतरी विचारू लागले. आकडे दोनच कसे, एक आणि शून्य. दोनाला दोन का म्हणायचं नाही. उत्तर ऐकून फरशी पुसताना तेच घोळवत बसायचे. वय झाल्यावर असं काही डोक्यात शिरलं की माणसाला ताप आल्यासारखं होतं, पण चांगला ताप.

त्या वर्षी कॉलेजला पहिल्यांदाच खरी चिप छापून मिळणार होती. कारखाना परदेशात. एका चकतीवर पुष्कळ कॉलेजांच्या चिपा एकदम छापतात, त्यातला एवढासा कोपरा आमचा. वैद्य मॅडमनी कोपऱ्याचे तुकडे करून मुलांच्या जोड्यांना वाटून दिले आणि बजावलं, "छापल्यावर खोडता येत नाही. ज्याचा तुकडा तारखेपर्यंत बिनचूक होणार नाही, त्याची जागा कोरी जाईल."

नाझनीन आणि रोहन, या जोडीला बेरीज करणारा तुकडा मिळाला होता. रोहन नवी मुंबईचा, तोंडाने फार चालू. नाझनीन कमी बोलायची, पण मला तिने सांगितलं होतं, "मावशी, माझ्या हातची चिप खरोखर बनली ना, तर मुलाखतीला मी ती टेबलावर ठेवीन. मग मला कोणी दिघी कुठे आहे असं विचारणार नाही."

आणि नेमका तिचाच तुकडा चुकायला लागला. कागदावर बरोबर, पट्ट्या भरल्यावर काही बेरजा चुकीच्या. पंधरात एक मिळवला की हमखास घोळ. दोघांनी खूप डोकं चालवलं. कुठला पाट लांब पडतो, कुठे पाणी उशिरा पोचतं, ते शोधून तो पाट आखूड करत बसले. मग ठोकेच सावकाश करून बघितले, म्हणजे पाण्याला वेळ मिळेल. तरी चूक तशीच.

"यार मावशी, अब तो हद हो गई," रोहन म्हणाला. "स्लो केलं तरी चुकतं. ये मशीनपे किसीने कुछ किया है."

"लिंबू ठेवू का खाली?" मी म्हटलं. मी चेष्टा केलेली त्याने पहिल्यांदाच ऐकली असेल. दचकून बघायलाच लागला.

तारीख जवळ आली तशी वैद्य मॅडमनी एका दुपारी मुलांना उठवलं. "पडद्याकडे बघून डोळे मेलेत तुमचे. चला बाहेर पॅसेजमध्ये. आपणच चिप होऊ." मॅडमच्या सासूबाईंसाठी मी वाडीतल्या सुपाऱ्या आणल्या होत्या. मॅडमनी ती पिशवीच घेतली. नाझनीन, रोहन आणि आणखी दोघं अशी चारजणं ओळीने उभी केली. पाचवं कोणी मिळेना.

"शेवंतामावशी, या. तुम्ही टोकाला."

मी भिंतीला चिकटून उभी राहिले. पॅसेजमध्ये येणारं-जाणारं बघत होतं. नाझनीनने हात धरून ओढत नेलं.

नियम सोपा होता. एका माणसाने एकच सुपारी धरायची. दुसरी आली की दोन्ही ठेवायच्या नाहीत. एक टोपलीत टाकायची आणि एक शेजाऱ्याला द्यायची. पहिल्याची सुपारी म्हणजे एक, दुसऱ्याची दोन, तिसऱ्याची चार, चौथ्याची आठ. आणि टोकाला मी, म्हणजे सोळा. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. देणंघेणं फक्त मॅडमची टाळी वाजली की. एका टाळीला एकच पाऊल.

चौघांच्या हातात एकेक सुपारी, म्हणजे पंधरा झाले. मॅडमनी पहिल्याच्या हातात आणखी एक ठेवली. टाळी. पहिल्याने एक टोपलीत टाकली, एक दुसऱ्याला दिली. टाळी. दुसऱ्याने तिसऱ्याला. टाळी. तिसरी होती नाझनीन, तिने रोहनला दिली. आता रोहनच्या दोन्ही हातांत सुपाऱ्या. पुढच्या टाळीला तो मला देणार.

पण माझा जन्म गेला दुसऱ्याचे हात मोकळे करण्यात. सरांच्या हातात फायली आणि चहाचा कप दिसला की कप घ्यायचा. पोरांच्या हातात बॅग आणि डबा दिसला की डबा घ्यायचा. कोणाचे दोन्ही हात भरलेले दिसले की माझा हात आपोआप पुढे जातो. तसाच गेला. रोहनच्या हातात सुपारी पडली न पडली तोच मी ती काढून घेतली. टाळी वाजलीच नव्हती.

सगळे हसले. मी लाजेने अर्धी झाले. रोहन म्हणाला, "मावशी, जरा ठोका तो पडने दो!"

मॅडम हसत म्हणाल्या, "बघा, एका टाळीत सुपारी दोन घरं गेली. हिशेब चुकला. आता मी टाळ्या कितीही सावकाश वाजवल्या..."

"...तरी मावशी तेच करणार," नाझनीन म्हणाली. ती हसत नव्हती. तिने मोकळे हात झटकले आणि ओरडली, "मॅडम, आपण हळू कोण आहे तेच शोधत बसलो! घाई कोण करतंय ते बघितलंच नाही!" आणि आत पळाली. चपला पॅसेजमध्ये काढलेल्या होत्या, मध्येच माझी भरलेली बादली होती, ती उडवून गेली. मी पहिल्यांदाच बादली सांडल्याबद्दल कोणाला काही बोलले नाही. मीही तिच्यामागे पळत होते.

घाईची तपासणी वेगळी मागावी लागते म्हणे. तिने मागितली. पडद्यावर लाल ओळी उतरल्या, सगळ्या टोकाच्या घराजवळच्या. तिथे पाट इतका आखूड झाला होता, की मागच्याचं पाणी त्याच ठोक्यात पुढच्या आळ्यात उडी मारत होतं. त्यांनी आखूड करून करूनच तो तसा केलेला.

"मग आता काय करायचं गं?" मी विचारलं.

"मध्ये थोडे थांबे घालायचे, मावशी. काही काम न करता फक्त उशीर करणारे."

"मतलब सरकारी ऑफिस," रोहन म्हणाला.

इथे एक स्पष्ट लिहिते, कारण नंतर कॉलेजात भलतंच पसरलं. मी काही शोधून काढलं नाही. मी फक्त चुकले. मॅडमनी मला सांगितलं की पाठवण्याआधी ती तपासणी होणारच होती, चूक सापडलीच असती. फक्त तेव्हा दुरुस्तीला वेळ उरला नसता. तरी त्या रात्री मला जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढायला गेले, तर नाझनीन चपलांच्या फळीशी उभी. आत येईना.

"काय झालं?"

"लॉगिन बंद झालं, मावशी. फीचा दुसरा हप्ता राहिलाय. ऑफिसातले म्हणतात, तारीख गेली की मशीन आपोआप नाव काढतं, आमच्या हातात नाही."

"आणि बाबा?"

"बोट दुरुस्तीला वर काढलीय. पगार अर्धा. ते म्हणतात महिनाभर थांब." ती हसायला गेली, पण जमलं नाही. "थांबे घालायचे कुठे, आणि पडले कुठे."

रोहनच्या लॉगिनवर काम करता येईल असं मी सुचवलं. पण एकाच्या नावाने दुसऱ्याने केलेलं मॅडम धरत नसत, आणि नाझनीनला तसं नकोच होतं. तुकड्यावर तिचं नाव जायला हवं होतं.

त्या महिन्यात भिशी मला लागली होती. सोळा बायकांची, हजार हजाराची. पडवीचे पत्रे घ्यायचे होते. मी दुपारी घरी जाऊन पैसे आणले. यांनी ओट्यावरून बघितलं.

"पत्रे न्हाय आणायचे काय?"

"पुढच्या वर्षी आणू."

"आन तवर पावसाला काय सांगशील?"

"मध्ये थांबे घालीन. दोन बादल्या हायत घरात."

यांनी पडवीच्या छपराकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाले, "ती जवळावाली पोरगी ना? व्हय, दे."

नाझनीन घेईना. दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभी राहिली. मी म्हटलं, "हे बघ, तुझे हात भरलेले आहेत. मी हात मोकळे करायचं काम करते. पगार मिळतो मला त्याचा." तेव्हा घेतले. वर म्हणाली, "परत देणार. एकेक करून देणार." मी म्हटलं, "दे बाय, सावकाश दे. मला घाई नाही. घाईने काय होतं ते काल बघितलंय."

तिचं लॉगिन उघडलं. तारखेच्या आदल्या दिवशी तिच्या पडद्यावरची शेवटची लाल ओळ गेली. मॅडमनी बटण दाबून कोपरा कारखान्याला पाठवला आणि सगळ्यांना माझ्या हातचा चहा पाजला.

चिपा आल्या त्या मुलांच्या निरोपाच्या दिवसांत. काळी चौकोनी टिकली, बाजूला बारीक पाय. आतलं खरं काम तर तिळाएवढं. मॅडमनी एक उघडी चिप भिंगाखाली ठेवून मला दाखवली, आणि मी मोठ्याने म्हणाले, "अगं, किनारच की!" निळ्या आडव्या, लाल उभ्या नव्हत्या, सगळं सोनेरी होतं. माझी इतक्या वर्षांची साडी शेवटी विणून आली होती.

चालते की नाही हे बघायच्या दिवशी प्राचार्यांपासून सगळे लॅबमध्ये जमले. चपला बाहेर एवढ्या, की जिन्यापर्यंत. हिरव्या पाटीवर नाझनीनची चिप, पुढे चार दिवे आणि बाजूला पाचवा. मी दाराशी उभी होते. पुढे जायचा धीर झाला नाही. मला फक्त लोकांच्या पाठी दिसल्या. "पंधरा" असं कोणीतरी म्हणालं, मग एकदम शांत झालं, मग टाळ्या कडाडल्या. नाझनीन मान उंच करून कोणाला तरी शोधत होती. मी स्टुलावरून प्राचार्यांचा चहाचा ट्रे उचलला आणि बाहेर गेले. पाचवा दिवा मी बघितला नाही. नोकरीतली मला सगळ्यात लागून राहिलेली गोष्ट हीच.

नाझनीनला बंगळूरला नोकरी लागली. मुलाखतीला तिने चिप टेबलावर ठेवली होती. तरी साहेबांनी विचारलंच, दिघी कुठे आहे. "मग मी नकाशा काढून दाखवला, मावशी. बोटीसकट."

दिघीला आली की वाट वाकडी करून चौलला यायची. येताना पुडी जवळा आणि हजाराच्या हिशेबाने पैसे. मी म्हणायचे, "आता पगार एवढा मोठा, एकदम देऊन मोकळी का होत नाहीस?"

"एकदम दिले तर तुम्ही म्हणाल, पोरगी हिशेबाची होती. एकेक दिले तर म्हणाल, पोरगी येते."

"आणि नको म्हटलं तर?"

"भिशी सोळा बायकांची होती. सगळ्यांना विचारून या."

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. पडवीला पत्रे आले. यंदा गणपतीत नाझनीन आली, तेव्हा हातात पुडी होती आणि बगलेत खोका. खोक्यात ती हिरवी पाटी. मॅडमकडून मागून आणली होती. आमच्या ओट्यावर, सुपाऱ्या वाळत घातल्या होत्या त्यांच्या शेजारी तिने ती मांडली आणि वायर जोडली.

"त्या दिवशी तुम्ही चहाचा ट्रे घेऊन पळालात. मी बघितलं होतं." मग तिने बटण दाबत दाबत चारही दिवे लावले. "हे आधीचे पंधरा." पर्समधून शेवटचे हजार काढून हातात धरले.

माझा हात पुढे गेला.

"थांबा! टाळी कुठे वाजली?"

हे झोपाळ्यावर बसून बघत होते. त्यांनी मला विचारलं, "वाजवू काय?" आणि उत्तराची वाट न बघता दोन्ही हातांनी अशी टाळी मारली, की सुपाऱ्यांवरची चिमणी उडाली. मी एका हाताने पैसे घेतले आणि दुसऱ्या हाताने बटण दाबलं.

चारही दिवे विझले. आणि बाजूचा पाचवा दिवा लागला, एकटा, लालभडक.

"सोळा," नाझनीन म्हणाली. "फिटले, मावशी."